रात्र मोजणारं झाड

गेल्या दोन-तीन वर्षांत मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी इतक्या वेळा छापून आली आहे, की तिचा मजकूर एव्हाना पाठ झालाय. बँकॉकहून मुंबईला उतरलेला प्रवासी, ट्रॉली बॅग, तिच्यात हवा काढून बंद केलेली प्लास्टिकची पाकिटं आणि पाकिटांत कोटींच्या भावाचा 'हायड्रोपोनिक गांजा'. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. घरोघरी आणि गोदामांत लागवड सुरू झाली, आणि तिचा ओघ आपल्या विमानतळांकडेही वळला. जून २०२५मध्ये तिथल्या सरकारने पुन्हा चाप लावला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली.

बातमीत गंमत आहे ती मालाच्या प्रवासाची. लामार्कने १७८५ साली ज्या झाडाच्या नावात 'इंडिका' घातलं, हिमालयाच्या उतारावर जे तणासारखं माजतं, शिवरात्रीला ज्याचा पाला घोटला जातो, त्याचीच फुलं आपण बाहेरून चोरून आणतो. तीही कुठल्याशा बंद खोलीत, विजेच्या दिव्याखाली वाढवलेली! उन्हाची टंचाई नसलेल्या देशातलं हे झाड खोलीत शिरलं कसं, त्याचा हा शोध.

सुरुवात पॅरिसमध्ये होते आणि तिचा नशेशी काडीचा संबंध नाही. १९१०च्या सुमारास ज्युलियँ तूर्न्वा हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ काचघरात भांगेच्या, म्हणजे याच झाडाच्या, आणि हॉप्सच्या बिया पेरून त्यांच्या फुलांचा अभ्यास करत होता. हिवाळ्यात पेरलेल्या रोपांनी त्याला बुचकळ्यात पाडलं. वीतभरही न वाढलेल्या रोपांना फुलं आली. ऊब होती, पाणी होतं, खत होतं. उन्हाळ्यात हीच झाडं पुरुषभर वाढून मग फुलतात. त्याने रोपांना दिवसाचे सहाच तास उजेड दिला, तरी तोच प्रकार. रोपं दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देताहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे त्याने असंही लिहिलं, की लहान दिवसापेक्षा लांब रात्रच यामागे असावी. १९१४ साली युद्ध पेटलं, तूर्न्वा आघाडीवर गेला आणि मारला गेला. प्रयोग तिथेच थांबला.

शोधाचं श्रेय मग अमेरिकेच्या पदरात पडलं. जुलै १९१८मध्ये व्हर्जिनियातल्या सरकारी शेतावर गार्नर आणि अॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनच्या कुंड्या रोज दुपारी चार वाजता एका अंधाऱ्या खोपटात ढकलायच्या आणि सकाळी नऊला बाहेर काढायच्या, असा उद्योग मांडला. आत-बाहेर केलेली झाडं आधी फुलली. १९२० साली त्यांचा निबंध आला आणि वनस्पतिशास्त्रात एक नवं दालन उघडलं. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग करून दाखवलं, की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी हिशेब मोडतो आणि फूल येत नाही. हा हिशेब ठेवणारं रंगद्रव्य, फायटोक्रोम, १९५९मध्ये मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत हाती लागलं.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यातलं काही नवीन वाटणार नाही. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे रोपांची वाढ होईस्तोवर रात्री बल्ब लावतात आणि फूल हवं तेव्हा काळं कापड ओढतात. ड्रॅगन फ्रूटवाल्यांचं उलट. त्या निवडुंगाला लांब दिवस लागतो, म्हणून बिगरहंगामात बागेत रात्री एलईडीच्या माळा पेटतात. गांजाचं झाड शेवंतीच्या पंगतीतलं. आपल्याकडे पावसाळ्यात पेरलं की दिवाळीच्या आसपास, रात्री लांबायला लागल्यावर ते फुलोऱ्यावर येतं आणि पौष-माघात कापणीला. खोलीत वाढवणारा माणूस हे सगळं पंचांग घड्याळाच्या एका खटक्यात बसवतो. आधी काही आठवडे अठरा तास उजेड म्हणजे आषाढ. मग बारा तास काळोख म्हणजे कार्तिक. लोकांना वाटतं, यात कौशल्य दिव्याचं. खरी अडचण काळोखाची आहे. दाराच्या फटीतून पडणारी तिरीप किंवा यंत्रावरचा इवलासा दिवादेखील झाडाच्या रात्रीत लुडबुड करू शकतो.

बियाकडे वळू. शास्त्राच्या भाषेत ते बी नाहीच, फळ आहे: कठीण कवचाचं, तीन ते पाच मिलिमीटरचं, करड्या-तपकिरी अंगावर काळपट रेघांची जाळी असलेलं. त्यात नशा नसते. कुमाऊँमध्ये त्याची चटणी रोजच्या ताटात असते आणि २०२१पासून आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ते अन्न म्हणून मान्य केलंय. ओल मिळाली की चार-सहा दिवसांत कवच फुटतं आणि कधी कधी एका बीजदलाच्या टोकावर टोपीसारखं अडकून राहतं. बीजदलं गुळगुळीत, लंबगोल. त्यांच्यानंतरची पहिली पानं दातेरी कडांची, पण एकेरी. पुढच्या जोडीला तीन बोटं, मग पाच, मग सात; जगभरच्या टी-शर्टांवर छापलेलं ते पान बऱ्याच उशिरा येतं. तोवर झाड नर की मादी, हे ओळखायला काही खूण नसते. ती पुढे कळते, पानाच्या बेचक्यात. तिथे देठावर लोंबणारे गोल कळे दिसले तर नर. एका टोकदार हिरव्या वेष्टनातून दोन पांढुरके केस बाहेर आले तर मादी.

सगळं अर्थकारण या दोन केसांवर उभं आहे. नशेचं द्रव्य, टीएचसी, प्रामुख्याने मादीच्या फुलांवरच्या चिकट ग्रंथींत तयार होतं. फूल परागित झालं की झाडाची ताकद बियांकडे जाते आणि माल हलका पडतो. म्हणून नर शोधून, त्याचे कळे उमलायच्या आत उपटायचा. ही युक्ती कॅलिफोर्नियातल्या हिप्पींनी काढली अशी समजूत आहे. ती बंगालमध्ये कितीतरी आधीपासून रुळलेली होती. राजशाही जिल्ह्यातलं नौगाव, आज बांगलादेशात, हे गांजाच्या परवानाधारक लागवडीचं केंद्र. तिथे शेतकरी एका जाणकाराला शेतात बोलवत. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणायचे. तो ओळीओळीने फिरे आणि नर झाडं उपटून टाकवी. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या डेव्हिड प्रेन यांनी १८९३ साली या शेतीवर तपशीलवार अहवाल लिहिला.

त्याच वर्षी, ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवाद्याने प्रश्न विचारल्यावर, 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सात सभासदांत तीन हिंदी. कमिशनने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. बंगालात नौगाव, मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात तेव्हाचा अहमदनगर जिल्हा ही लागवडीची ठिकाणं त्यात येतात. बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही. लागवड मोजक्या जागी आणा, परवाने द्या, कर बसवा, असा त्याचा निष्कर्ष. साहेबाला महसूल प्यारा होता हे खरंच, पण एवढ्यावरून तो अहवाल उडवून लावता येत नाही. या विषयावर इतक्या ठिकाणी फिरून, इतक्या थरांतल्या माणसांना विचारून केलेलं काम त्यानंतर आपल्याकडे झालेलं मला तरी माहीत नाही.

परखदाराची नोकरी संपवण्यात दिल्लीच्या एका प्राध्यापकांचा वाटा आहे. दिल्ली विद्यापीठातले एच. वाय. मोहन राम हे पंचानन माहेश्वरींच्या परंपरेतले वनस्पतिशास्त्रज्ञ. झाडांमध्ये लिंग ठरतं कसं, हा त्यांचा प्रश्न, आणि नर-मादी वेगळी असल्याने भांग त्यासाठी सोयीची. १९७०मध्ये जयस्वाल यांच्यासह त्यांनी दाखवलं, की इथिलिन सोडणारं रसायन दिलं तर नर झाडावर मादी फुलं येतात. जळगावची केळी पिकवायला रायपनिंग चेंबरमध्ये सोडतात, तोच हा वायू. १९८२मध्ये सेट यांच्यासह त्यांनी उलटी बाजू सिद्ध केली: चांदीची संयुगं इथिलिनचं काम अडवतात आणि मादी झाडावर नर फुलं येतात. त्यांचे पराग सुपीक असतात, आणि दोन्हीकडून मादीचीच गुणसूत्रं आल्यामुळे पुढची पिढी जवळपास सगळी मादी निघते. १९९०च्या दशकाच्या अखेरीला हॉलंडमधल्या बियाणे कंपन्यांनी असं 'फेमिनाइज्ड' बी बाजारात आणलं. आज युरोपात घरी तीन कुंड्या ठेवणारा माणूस ज्या पाकिटातून बी काढतो, त्यामागचा पाया दिल्लीत घातला गेला, हे त्याच्या गावीही नसतं. मोहन राम २०१८मध्ये गेले. त्यांचं नाव बांबू आणि जलवनस्पतींच्या संशोधनासाठी घेतलं जातं, आणि या कामाचा उल्लेख आपल्याकडे जरा चाचरतच होतो.

खोलीत वाढेल असं झाड एवढ्याने तयार झालं. ते खोलीत ढकललं मात्र पोलिसांनी. १९८३ साली कॅलिफोर्नियात गांजाची शेतं उखडण्याची मोहीम सुरू झाली. डोंगरांवर हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली. शेतकऱ्यांनी झाडांच्या वर छप्पर घातलं. सूर्याच्या जागी आले सोडियमचे दिवे, रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचे भाऊबंद, सहाशे किंवा हजार वॉटचे. अफगाणिस्तानातून आलेली बुटकी, रुंद पानांची, लवकर तयार होणारी झाडं आठ फुटी छताखाली मावत होती, म्हणून संकरात त्यांना भाव आला. म्हणजे आजच्या गांजाचा आकार आणि त्याची घाई यांत निसर्गाइतकाच हेलिकॉप्टरचाही हात आहे.

मग पोलीस भिंतीपर्यंत आले. १९९२च्या जानेवारीत, पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी, ऑरेगॉनमधल्या फ्लॉरेन्स गावात गाडीत बसलेल्या अधिकाऱ्यांनी समोरच्या घरावर उष्णता टिपणारा कॅमेरा रोखला. गॅरेजवरचं छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा ऊबदार दिसली. तेवढ्यावर आणि विजेच्या बिलांवर वॉरंट निघालं; आत शंभराहून जास्त झाडं सापडली. 'कायलो विरुद्ध अमेरिका' हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ जून २००१ रोजी पाच विरुद्ध चार असा निकाल लागला: सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घराच्या आतलं टिपणं ही झडतीच, आणि ती वॉरंटशिवाय चालणार नाही. निकाल लिहिला तो कट्टर परंपरावादी समजल्या जाणाऱ्या न्या. स्कालिया यांनी. त्यांची काळजी अशी, की असा कॅमेरा घरातली बाई आंघोळीला कधी बसते हेही सांगू शकेल. खाजगीपणाच्या कायद्यात आज जगभर उद्धृत होणारा हा निकाल गरम झालेल्या गॅरेजच्या छपरातून आला.

गरम छप्पर म्हणजे वाया गेलेली वीज. दिवे तापतात म्हणून एसी. झाडं बाष्प सोडतात म्हणून हवा कोरडी करणारं यंत्र. दमटपणा राहिला तर द्राक्षबागायतदारांच्या ओळखीची भुरी आणि कोंब सडवणारी राखाडी बुरशी. हवा फार कोरडी झाली तर लाल कोळी. वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी आणि तिला जोडलेला पंखा. एकाचा इलाज दुसऱ्याचा रोग. संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२मध्ये मांडलेला अंदाज असा, की अमेरिकेतल्या एकूण विजेतली सुमारे एक टक्का वीज या खोल्यांत जळते. २०२१मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या हेली समर्स आणि सहकाऱ्यांनी ठिकाणानुसार हिशेब केला: एक किलो वाळलेल्या फुलामागे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा. हे आकडे वाचून मला चीड आली ती नशा करणाऱ्यांची नव्हे, धोरण आखणाऱ्यांची. कायदेशीर झाल्यावर तरी हे पीक उन्हात यायला हवं होतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सुरक्षिततेच्या नावाखाली ते आतच ठेवलं, आणि ग्राहकालाही एव्हाना घट्ट, चमकदार, एकसारखं फूल हवंय.

खोलीने मालही बदलला. मिसिसिपी विद्यापीठात मेहमूद एल्सोहली यांच्या चमूने जप्त केलेले नमुने वर्षानुवर्षं तपासले. १९९५ला सरासरी चार टक्के असलेलं टीएचसी २०१४पर्यंत बारा टक्क्यांच्या घरात गेलं. १८९४च्या कमिशनचा दिलासा या मालाला जसाच्या तसा लावणं म्हणजे ताडीचा निकाल व्हिस्कीला लावण्यासारखं आहे.

जर्मनीने मधला रस्ता काढायचा प्रयत्न केला. २३ फेब्रुवारी २०२४ला बुंडेस्टागमध्ये ४०७ विरुद्ध २२६ मतांनी कायदा झाला आणि १ एप्रिलपासून लागू झाला. प्रौढ माणसाला घरी तीन झाडं, घरात पन्नास ग्रॅम, बाहेर पंचवीस. मुलांच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था सक्तीची. पाचशेपर्यंत सभासदांचे लागवड-क्लब घरी लावणाऱ्याला महिन्याला सात बिया किंवा पाच कलमं देऊ शकतात. म्हणजे तिथे बियांची मोजदाद सरकार करतं.

आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. त्यामुळे भांग बऱ्याच ठिकाणी वाचली. लागवडीला मात्र हा मुलाहिजा नाही. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाळगलेल्या मालासाठी आहेत तशा अल्प आणि व्यापारी प्रमाणाच्या पायऱ्या लागवडीला लावलेल्या नाहीत. बाल्कनीतली एक कुंडी आणि उसाच्या आड लावलेला पट्टा एकाच कलमात येतात. धागा आणि बियांसाठी लागवडीची मुभा देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ती वापरून उत्तराखंडने २०१८मध्ये परवाना दिला, पण अट घातली: टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत हवं. पहाडातली गावठी भांग सहसा या मापात बसत नाही. त्यामुळे परवानाधारक शेतकरी कमी टीएचसीच्या बियाण्याच्या शोधात असतात, आणि त्यांच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, सरकारी कचेरीच्या मागे गावठी भांग आपली आपण उगवत राहते.