खारट जमिनीतील भात आणि पेशीपटलावरील पदार्थवहन

खारट जमिनीत लावलेल्या भातात एक विसंगती वारंवार दिसून येते. खाचरात पाणी उभे असते, तरीही रोपे पाणी न मिळाल्यासारखी मरगळतात. पानांची टोके पांढुरकी पडतात, पाने टोकाकडून बुडाकडे वाळत जातात आणि त्यातही जुनी पाने सर्वांत आधी जातात. भोवती पाणी असताना रोप तहानलेले का राहते आणि वाळण्याचा आरंभ जुन्या पानांपासूनच का होतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे मुळातील प्रत्येक पेशीला वेढणारे अतिशय पातळ असे पेशीपटल होय.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासापुरता मर्यादित नाही. भारतात सुमारे ६७.३ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित असून त्यांपैकी सुमारे ३७.७ लाख हेक्टर जमीन चोपण, तर सुमारे २९.६ लाख हेक्टर जमीन क्षारयुक्त आहे. गुजरात, उत्तर प्रदेश, महाराष्ट्र, पश्चिम बंगाल आणि राजस्थान या राज्यांत अशा जमिनीचे प्रमाण मोठे आहे. भात हे पीक तर क्षारांच्या बाबतीत विशेष नाजूक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की प्रत्येक वाढत्या एककामागे भाताचे उत्पादन सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांनी घटते, असे मानले जाते. म्हणजे वाहकता ६ झाली की एक तृतीयांशाहून अधिक पीक हातचे जाते.

पेशीपटलाची रचना

पेशीपटलाची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असते. साध्या कागदाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही ती कमी भरते. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे बनलेले असावे, हा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी काढला. वनस्पतींच्या पेशींवर शेकडो पदार्थांचे प्रयोग करताना त्यांना असे आढळले की, जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीत लवकर शिरतात आणि जे केवळ पाण्यात विरघळतात त्यांना शिरण्यास वेळ लागतो. पुढे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी हे पटल फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थराचे असल्याचे दाखवून दिले. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेल्या प्रतिकृतीनुसार हा थर प्रवाही असतो आणि त्यात निरनिराळी प्रथिने बसवलेली असतात.

या रचनेतून पदार्थांच्या तीन वाटा निर्माण होतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान व विद्युतभार नसलेले रेणू स्निग्ध थरातून थेट आरपार जातात. जिकडे त्यांचे प्रमाण कमी तिकडे ते सरकतात. यास विसरण म्हणतात. सोडिअम, पोटॅशिअम, नायट्रेट यांसारख्या विद्युतभारित आयनांना मात्र हा थर जवळजवळ बंद असतो. प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते आणि ते घेऊन तेलकट थरातून जाणे त्याला शक्य होत नाही. अशा आयनांसाठी पटलातील काही प्रथिने अरुंद मार्गिका पुरवतात. त्यांतून आयन विद्युतभाराच्या आणि प्रमाणाच्या उतारावरून वाहतात. तिसऱ्या प्रकारची प्रथिने उताराच्या विरुद्ध दिशेने पदार्थ चढवतात. या कामासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागते, म्हणून त्यास सक्रिय वहन म्हणतात.

पाणी असूनही तहान

पाणी स्निग्ध थरातून थोड्या प्रमाणात झिरपते. त्याचा वेगवान प्रवास मात्र ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या मार्गिकांतून होतो. १९९२ मध्ये पीटर ॲग्रे यांनी या प्रथिनाचे कार्य सिद्ध केले आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आयन मार्गिकांचे अभ्यासक रॉडरिक मॅकिनन यांच्यासह विभागून मिळाले. मनुष्यात ॲक्वापोरिनचे १३ प्रकार आढळतात. भातात त्यांची ३३ जनुके ओळखली गेली आहेत. जागचे न हलता पाण्यावर जगणाऱ्या वनस्पतीला या मार्गिका किती महत्त्वाच्या आहेत, हे यावरून लक्षात येते.

मार्गिका कितीही असल्या तरी त्या पाण्याला ओढू शकत नाहीत. ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूस पाणी सरकते. हेच परासरण होय. सामान्य जमिनीत मुळाच्या पेशीतील रस मातीतील पाण्यापेक्षा घट्ट असतो, म्हणून पाणी आपोआप आत येते. मातीतील पाण्यात क्षार वाढत गेले की हा फरक कमी होतो. तो नाहीसा झाला की पाण्याचे आत येणे थांबते आणि उलटा झाला तर पेशीतील पाणीच बाहेर जाऊ लागते. एकाच ठिकाणी जास्त रासायनिक खत पडल्यावर रोप करपते, त्यामागेही हेच कारण असते. रोपाच्या तहानेचा उलगडा असा होतो. जुन्या पानांच्या वाळण्याचा उलगडा होण्यासाठी सोडिअमचा माग काढावा लागतो.

सोडिअमचा शिरकाव

मुळाच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असतो. हा फरक साधारणपणे १२० मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही अधिक भरतो. धनभारित पोटॅशिअमला आत खेचून घेण्यासाठी ही व्यवस्था उपयोगी पडते. परंतु सोडिअमही धनभारितच असल्याने त्यालाही तीच ओढ लागते. केवळ १२० मिलिव्होल्टच्या फरकावर सोडिअम पेशीत बाहेरच्या शंभरपट साठू शकतो आणि त्यासाठी कोणतीही ऊर्जा लागत नाही. पोटॅशिअमच्या विशिष्ट मार्गिका सोडिअमला बऱ्याच अंशी अडवतात. तथापि काही मार्गिका तितक्या चोखंदळ नसतात आणि त्यांतून सोडिअम आत झिरपतो.

भाताच्या मुळात आणखी एक उणीव आहे. मातीतील पाण्याला वाहिन्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कुठेतरी एकदा पेशीपटल ओलांडावे लागावे, यासाठी मुळाच्या अंतस्त्वचेत मेणासारख्या पदार्थाची पट्टी असते. जेथून उपमुळे फुटतात त्या जागी मात्र हा बंदोबस्त अपुरा पडतो आणि थोडे पाणी पेशींच्या भिंतींमधूनच, एकही पटल न ओलांडता, थेट जलवाहिनीत पोहोचते. त्याच्याबरोबर सोडिअमही जातो. पुढे पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते आणि सोडिअम मागे राहतो. जे पान अधिक दिवस बाष्पोच्छ्वास करीत आले त्यात साठा अधिक, म्हणून जुनी पाने प्रथम वाळतात.

पेशीरसात सोडिअम वाढणे घातक ठरते, कारण अनेक विकरांच्या कार्यास पोटॅशिअम आवश्यक असतो आणि त्या जागी सोडिअम चालत नाही. पोटॅशिअमशी सोडिअमचे प्रमाण किती, यावर पेशीचे स्वास्थ्य अवलंबून असते. क्षारसहनशील वाणांची पारख करताना पानांतील हेच गुणोत्तर तपासले जाते.

पेशीचे प्रतिकारकार्य

प्राण्यांच्या पेशी सोडिअम बाहेर काढण्यासाठी जो सोडिअम-पोटॅशिअम पंप वापरतात, तो उच्च वनस्पतींत नसतो. वनस्पती प्रोटॉनच्या पंपावर विसंबतात. हा पंप एटीपीतील ऊर्जा खर्चून प्रोटॉन पेशीबाहेर लोटतो. बाहेर साठलेले प्रोटॉन उतारावरून परत आत येऊ पाहतात आणि त्यांच्या या ओघाचा उपयोग करून दुसरे एक प्रथिन प्रत्येक येणाऱ्या प्रोटॉनच्या बदल्यात सोडिअमचा आयन बाहेर टाकते. विहिरीवरून उंच टाकीत चढवलेले पाणी खाली येताना घिरट फिरवावे, त्यातला हा प्रकार आहे.

जो सोडिअम बाहेर टाकता येत नाही तो पेशीतील रिक्तिकेत कोंडला जातो. रिक्तिकेच्या पटलावरही प्रोटॉनच्या बदल्यात सोडिअम आत घेणारी प्रथिने असतात. अशा प्रकारे कोंडलेला सोडिअम विकरांपासून दूर राहतो, शिवाय पेशीतील रस घट्ट करून पाणी ओढण्यास साहाय्यही करतो. पेशीद्रवात समतोल राखण्यासाठी वनस्पती प्रोलीन आणि शर्करा यांसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवते. या प्रत्येक कामाची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. जी ऊर्जा फुटव्यांकडे आणि दाण्यांकडे जायची ती पटलांच्या राखणीत खर्च होते. म्हणूनच सहनशील वाण जगले तरी गोड जमिनीइतके उत्पादन खारट जमिनीत देईलच, असे नाही.

नोना बोकरा आणि पोक्कळी

या राखणीचा एक महत्त्वाचा दुवा बंगालच्या एका जुन्या भातवाणाने उलगडला. 'नोना' या बंगाली शब्दाचा अर्थच खारट असा आहे. नोना बोकरा या क्षारसहनशील वाणाचा कोशिहिकारी या जपानी वाणाशी संकर करून केलेल्या अभ्यासातून पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक वेगळे करण्यात आले आणि ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. या जनुकाचे प्रथिन जलवाहिनीलगतच्या पेशींच्या पटलावर असते. वर चढणाऱ्या रसातील सोडिअम ते पुन्हा मुळाकडील पेशींत ओढून घेते, त्यामुळे पानांपर्यंत सोडिअम कमी पोहोचतो. दोन्ही वाणांत हे प्रथिन असते. त्यांच्यात भेद आहे तो फक्त चार अमिनो आम्लांचा. उपमुळांच्या जागी जो सोडिअम पटले चुकवून आत येतो, त्याला पुढच्या टप्प्यावर अडवणारी ही व्यवस्था आहे.

केरळातील एर्नाकुलम, आलप्पुळा आणि त्रिशूर जिल्ह्यांच्या किनारी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या जाणाऱ्या पोक्कळी भातातही पहिल्या गुणसूत्राच्या याच भागात 'सॉल्टॉल' नावाने ओळखला जाणारा सहनशीलतेचा घटक आढळला. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो पुसा बासमती ११२१ या लोकप्रिय वाणात रेण्वीय चिन्हकांच्या साहाय्याने उतरवला आहे. मात्र सॉल्टॉलचा लाभ प्रामुख्याने रोपावस्थेत होतो. फुलोऱ्याच्या वेळी परागकणांना क्षारांची बाधा झाली तर तो एकटा पुरेसा ठरत नाही.

पोक्कळीचे शेतकरीही केवळ वाणावर भिस्त ठेवत नाहीत. उन्हाळ्यात ते खाचरात मातीचे उंचवटे करतात. पहिल्या पावसाने त्यांतील क्षार धुऊन गेले की त्यांवर मोड आलेले बी पेरतात आणि सुमारे महिन्याभराने उंचवटे मोडून रोपे खाचरभर पसरतात. सर्वांत नाजूक अवस्थेत रोपाभोवतीचे पाणी गोडे राहावे, हा या पद्धतीचा गाभा आहे. पेशीपटलावरील भार कमी करण्याचा हा उपाय जनुकांचे ज्ञान होण्याच्या कितीतरी आधी अनुभवातून सिद्ध झाला होता.

अशा वाणांचे जतन किती आवश्यक आहे, हे मे २००९ मधील आयला चक्रीवादळाने सुंदरबनात दाखवून दिले. बांध फुटून समुद्राचे पाणी शेतांत शिरले, तेव्हा तेथे प्रचलित असलेले अधिक उत्पादनाचे वाण टिकले नाहीत आणि जुन्या खारसहनशील वाणांचे बियाणे शोधण्याची वेळ आली.

शेतातील व्यवस्थापनाचा अर्थ

क्षारबाधित जमिनीसाठी केल्या जाणाऱ्या शिफारशी पेशीपटलाच्या दृष्टीने पाहिल्या तर त्यांची कारणे स्पष्ट होतात.

• चोपण जमिनीत जिप्सम दिल्याने त्यातील कॅल्शिअम मातीच्या कणांवरील सोडिअमची जागा घेतो. मुळाजवळ कॅल्शिअम पुरेसा असेल तर पटलातील कमी चोखंदळ मार्गिकांतून होणारा सोडिअमचा शिरकावही घटतो. जिप्समची मात्रा माती परीक्षणानुसारच ठरवावी आणि सुटलेला सोडिअम धुऊन काढण्यासाठी चांगले पाणी व निचरा यांची सोय असावी.

• क्षारयुक्त जमिनीत जिप्समपेक्षा गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे आणि निचरा करणे महत्त्वाचे असते. मातीतील पाणी पातळ झाले की परासरणाची दिशा पुन्हा रोपास अनुकूल होते.

• भाताची रोपे तीन आठवड्यांपर्यंत फार नाजूक असतात. म्हणून रोपवाटिका गोड्या जमिनीत करून ३० ते ३५ दिवसांची रोपे लावणे आणि प्रत्येक चुडात रोपांची संख्या थोडी वाढवणे हितावह ठरते. उपलब्ध गोडे पाणी फुलोऱ्याच्या काळासाठी राखून ठेवावे.

• गव्हासारख्या पिकात पाणी साचू देऊ नये. मुळांना ऑक्सिजन मिळाला नाही की एटीपीची निर्मिती घटते, प्रोटॉनचे पंप मंदावतात आणि सोडिअम पानांकडे अधिक वेगाने जातो. चोपण जमिनीत गव्हाला हलक्या पाळ्या द्याव्यात, त्या याच कारणासाठी.

• वाणाची निवड स्थानिक शिफारशीनुसार करावी. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने भातात सीएसआर ३० हा बासमती वाण आणि सीएसआर ३६, तर गव्हात केआरएल २१० यांसारखे वाण दिले आहेत. कोकणातील खार जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे वाण उपलब्ध आहेत.

सहनशील वाण पेशीपटलावरील भार अधिक काळ पेलू शकतो. मातीतील क्षार मात्र तो कमी करीत नाही. निचऱ्याकडे दुर्लक्ष करून केवळ बियाणे बदलल्यास एकदोन हंगाम निभावतील, पण क्षार साठत जाऊन त्या वाणाचीही मर्यादा ओलांडतील. यासाठी वाण निवडण्यापूर्वी माती आणि सिंचनाचे पाणी तपासून घेणे, जमीन चोपण आहे की क्षारयुक्त याचा निर्णय करणे आणि त्याप्रमाणे सुधारणेचा क्रम आखणे, हीच क्षारबाधित शेतीची योग्य सुरुवात होय.