उत्तराची घाई नको

‘सगळे जीव सारखे, तर मुंगीपेक्षा माणूस मोठा कसा?’ आठ-नऊ वर्षांच्या मुलाने असे विचारले की घरातील मंडळी कौतुकाने हसतात किंवा ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून विषय मिटवतात. तेच मूल पंधराव्या वर्षी घरात काही विचारेनासे होते आणि ‘मुले आमच्याशी बोलत नाहीत’ ही पालकांची खंत सुरू होते. या दोहोंचा संबंध सहसा लक्षात येत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मॅथ्यू लिपमन यांना तो जाणवला. १९६८च्या अशांत काळात विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यातील संवाद तुटलेला त्यांनी पाहिला. विचार करण्याचे शिक्षण महाविद्यालयात सुरू करणे म्हणजे फार उशीर, असे त्यांचे मत झाले. त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिचा नायक हॅरी वर्गात चुकीचे उत्तर देतो: सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात, धूमकेतूही फिरतो, म्हणून तो ग्रहच. आपले कुठे चुकले याचा शोध घेताना ‘सर्व’ने सुरू होणारे खरे विधान उलटवले की ते खरे राहतेच असे नाही, हे त्याला स्वतःलाच उमगते. १९७४ साली लिपमन यांनी न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे या कार्यासाठी संस्था स्थापन केली.

त्यांची पद्धत साधी आहे. मुले गोलाकार बसून गोष्टीचा भाग मोठ्याने वाचतात. त्यावरचे प्रश्न मुलेच काढतात, आणि ते फळ्यावर लिहिले जातात. मत मांडणाऱ्याने कारण द्यायचे, इतरांनी ते ऐकून पुढे न्यायचे किंवा खोडायचे. शिक्षक निकाल देत नाहीत. ‘असे का वाटते?’, ‘हे नेहमीच खरे ठरते का?’ एवढेच विचारतात.

याने गुण वाढतात का? इंग्लंडमधील ४८ शाळांच्या अभ्यासात वाचन व गणितात थोडी प्रगती दिसली, त्याचा अहवाल २०१५ साली आला. पुढे सुमारे २०० शाळांत घेतलेल्या मोठ्या चाचणीत मात्र वाचनात तसा लाभ आढळला नाही. गुणांच्या आशेने हा मार्ग धरू नये, हेच बरे. कारणे देण्याची आणि दुसऱ्याचे ऐकण्याची सवय हे त्याचे खरे प्रयोजन आहे.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. झोपणे चांगले की जागणे, असा प्रश्न श्राविका जयंतीने भगवान महावीरांना विचारल्याचे भगवतीसूत्रात आले आहे. अधर्माने वागणाऱ्यांचे झोपणे चांगले, धर्माने वागणाऱ्यांचे जागणे चांगले, असे त्याचे उत्तर मिळाले. ‘कोणासाठी?’ हे पाहिल्याशिवाय निर्णय दिला गेला नाही.

किशोरवयीन मुलगी जेव्हा म्हणते, ‘आता वीज आहे, मग रात्री जेवले तर काय बिघडते?’, तेव्हा त्यात उद्धटपणा शोधू नये. ‘उजेड नव्हता, एवढेच कारण असेल का? आणखी कोणती असू शकतील? कारण बदलले की नियम बदलावा का?’ असे तिच्यासोबत बसून तपासावे. ती आपल्याच निष्कर्षाला येईल याची हमी नाही. पण कारण समजून पाळलेला नियम धाकाने पाळलेल्या नियमापेक्षा अधिक टिकतो. आणि मतभेद राहिला तरी पुढचा प्रश्न ती घरातच विचारील.