टोपण लावताना टोचलेली सुई

दातांच्या दवाखान्यात : लेखांक पाचवा

मागच्या लेखांकात ऑटोक्लेव्हबद्दल लिहिलं. एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे जाऊ नयेत यासाठी ती सगळी खटपट. आज दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या बोटांकडे पाहू.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका, हा नियम बरोबरच आहे. पण दातांच्या डॉक्टरला तो शब्दशः पाळणं कठीण. खालची दाढ काढायची तर भूल जबड्याच्या पार मागे, नसेजवळ द्यावी लागते. मग थांबायचं, 'ओठ जड झाला का?' असं विचारायचं, आणि झाला नसेल तर त्याच रुग्णाला त्याच सुईने पुन्हा द्यायची. मधल्या वेळात लांब, पोकळ, रक्त लागलेली सुई ट्रेमध्ये उघडी कशी ठेवणार? मग एका हातात सिरिंज, दुसऱ्यात टोपण, आणि नेम चुकला की डाव्या हाताचं बोट. धुळ्याच्या दंत महाविद्यालयात काय किंवा आणखी कुठे काय, तिसऱ्या वर्षाला पहिल्यांदा रुग्णापाशी उभ्या राहणाऱ्या मुलांचे हात तर आधीच थरथरत असतात.

त्यामुळे माझ्या मते 'टोपण लावू नका' एवढं सांगून भागत नाही, ते कसं लावायचं हे शिकवायला हवं. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं, दुसरा हात लांब ठेवायचा आणि एकाच हाताने सिरिंज धरून सुई त्यात सरकवायची. काम संपलं की सुई कटरमध्ये, आणि मग पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात.

सुईएवढीच धोक्याची वेळ नंतर येते. डॉक्टर हात धुऊन पुढच्या रुग्णाकडे वळतात, ट्रे उचलते ती मदतनीस मुलगी. त्यात स्केलरची टोकं, बर, रूट कॅनालच्या बारीक फाइली. पातळ हातमोज्याने घासायला घेतल्या की टोचणारच.

टोचल्यावर सगळे एचआयव्हीला घाबरतात. रक्त संसर्गाचं असेल तरी त्याची शक्यता हजारात सुमारे तीन. खरी भीती हिपॅटायटिस बीची. लस न घेतलेल्याला तो होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते, शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर जिवंत राहतो. त्यावर उत्तम लस आहे. पण बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ मध्ये. आज बीडीएसला असलेली बहुतेक मुलं त्याआधी जन्मलेली. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस घ्यायचे, नंतर महिन्या-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासायची. दहा युनिट किंवा जास्त भरली की निश्चिंत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणं दवाखान्याचं काम आहे. 'प्रत्येकाला' यात ट्रे घासणारी मुलगी आणि केर काढणाऱ्या मावशीही आल्या. त्यांच्या लसीचा खर्च त्यांच्या पगारातून कापू नये, हे खरं तर सांगावं लागू नये.

सुई टोचलीच तर? बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, लगेच सांगायचं. रुग्णाला विश्वासात घेऊन, त्याच्या संमतीने त्याच्या रक्ताची तपासणी करायची. लस झालेली नसेल आणि रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, शक्यतो चोवीस तासांच्या आत. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा बहात्तर तासांत हवा. पुढे एकूण २८ दिवस.

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. शिरपूर-साक्रीहून धुळं किंवा चोपड्याहून जळगाव गाठायचं म्हटलं तर तास सहज जातो. म्हणून गोळ्या कुठे, कोणाकडे, रात्री कोण देणार, हे दवाखान्याने सिव्हिलमध्ये आधीच विचारून फोन नंबरासकट भिंतीवर लावावं. टोचल्यावर शोधाशोध करू नये.

पण गोळ्यांपर्यंत जाणार कोण? मूल सरांना घाबरतं, मुलगी नोकरीला, आणि 'काही व्हत नही' म्हणून पट्टी बांधून मोकळे होतात. वास्तविक सुरक्षित वातावरण, प्रशिक्षण आणि ह्या गोळ्या पुरवण्याची जबाबदारी २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसंस्थेवर टाकलेली आहे. अपघाताची नोंद त्याच दिवशी झाली, पहिली रक्ततपासणी झाली, तरच पुढे काही निघालं तर ते कामावरच लागलं हे दाखवता येतं. त्यानंतर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर रक्तदान करायचं नाही, निरोध वापरायचा.