उत्तर येते, पण पेपर अपुरा राहतो! डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची परीक्षेची तयारी कशी करून घ्याल?

प्रश्न तोंडी विचारला की उत्तर तयार असते. तोच प्रश्न कागदावर आला की मूल अडखळते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होते, जोडाक्षरे चुकतात, वाचताना ओळ निसटते. वेळ संपतो आणि पेपर अपुरा राहतो. घरी मात्र ‘अभ्यासच करत नाही’ असा शिक्का बसतो.

हा आळस आहे का?
नाही. डिस्लेक्सियामध्ये अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालणे मेंदूला कठीण जाते. बुद्धिमत्तेशी त्याचा संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे.

सवलती कोणत्या?
राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना तासाला 20 मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. गरजेनुसार लेखनिकही घेता येतो. त्यासाठी शाळेमार्फत अर्ज करावा लागतो.

प्रमाणपत्र कधी काढावे?
दहावीची वाट पाहू नका. चाचण्या टप्प्याटप्प्याने होतात, त्यात वेळ जातो. शंका आली की आधी शाळेतील समुपदेशकांशी बोला आणि कोणत्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र चालेल, हे विचारून घ्या.

घरी काय करता येईल?
• धडा मोठ्याने वाचून दाखवा किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवा.
• सलग दोन तास बसवण्यापेक्षा 20-25 मिनिटांचे छोटे टप्पे ठेवा.
• लांबलचक उत्तराऐवजी चित्र, तक्ता, रंगीत पेन वापरा.
• वाचताना ओळीखाली पट्टी धरायला सांगा.
• लेखनिक घेणार असाल, तर सराव परीक्षेतही घ्या. मुद्दे सलग सांगणे, गणिताच्या पायऱ्या बोलून दाखवणे हे सवयीनेच जमते. ऐन परीक्षेत पहिल्यांदाच लेखनिक शेजारी बसला, तर मूल गोंधळते.
• शुद्धलेखनाच्या चुका मोजण्याआधी उत्तर बरोबर आहे का, ते पाहा.

‘आमच्या मुलाला सवलत नको, लोक काय म्हणतील?’ या विचाराने अनेक पालक मागे हटतात. पण सवलत म्हणजे गुणांची खैरात नव्हे. जादा वेळ मिळाला तरी उत्तर मुलालाच द्यावे लागते. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाला कुणी नावे ठेवत नाही. इथेही तेच लागू होते.