झेंडा पडण्याआधीचा न्याय

सांगोला, माळशिरस, मंगळवेढा या पट्ट्यात बैलगाडी शर्यतीचं मैदान भरलं की माणसं निकालरेषेवर दाटतात. ड्रोनही तिथेच घिरट्या घालतो, मोबाइल तिथेच रोखलेले असतात आणि दोन जोड्यांमधलं वीतभर अंतर पडद्यावर थांबवून थांबवून पाहिलं जातं. गाड्या सुटतात त्या टोकाला मात्र एक झेंडा पंच, बैल धरून उभे असलेले सुट्टी मेकर आणि भरपूर धूळ, एवढंच असतं. खरं तर बरेचसे तंटे याच टोकाला सुरू होतात. एक गाडी झेंड्याआधी निघते, एखादा बैल ऐन वेळी आडवा होतो, कडेच्या तासावरच्या, म्हणजे धावपट्टीवरच्या, गाडीला झेंडा दिसतच नाही. मग निकाल लागल्यावर हुज्जत सुरू होते आणि ज्याच्या पाठीशी माणसं जास्त, त्याचं पंचांना जास्त ऐकू येतं. सुटी, म्हणजे गाड्या सोडणं, बिघडली तर काय करायचं, हे गाड्या जुंपण्याआधीच लिहून ठेवलेलं असलं पाहिजे, आणि त्या नियमाने सगळ्यांत आधी चूक कोणाची, एवढंच विचारलं पाहिजे. कोण जिंकलं हे कळल्यावर दिलेला निवाडा बरोबर असला तरी कोणाला पटत नाही.

या प्रश्नाचा विचार घोड्यांच्या शर्यतीत सर्वांत जास्त झाला, कारण तिथे पैसा गुंतलेला असतो आणि पैसा बुडालेला माणूस नियम बारकाईने वाचतो. मुंबईत महालक्ष्मीला १८८३ पासून शर्यती होतात आणि पावसाळ्यात हाच हंगाम पुण्याला येतो. १९९६ साली तमिळनाडूतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं. घोड्याचं वंशबळ, त्याचा सराव, जॉकीची हुशारी यांवर निकाल ठरतो, निव्वळ नशिबावर नाही, असा त्यामागचा विचार. तो मान्य केला की पुढचं ओघाने येतं. ज्या घोड्यापुढचं सुटीचं फाटक उघडलंच नाही, त्याचं कौशल्य तपासलंच गेलं नाही. म्हणून अनेक देशांच्या नियमांत असा घोडा धावलाच नाही असं धरतात आणि त्याच्यावर लावलेले पैसे परत करतात. फाटक वेळेवर उघडलं, पण घोडा मागच्या पायांवर उभा राहिला किंवा डुलत डुलत बाहेर आला, तर पैसे परत मिळत नाहीत. घोड्याचा स्वभाव हा शर्यतीचाच भाग आहे, फाटकाची कळ नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने पळणारा घोडा अर्ध्या सेकंदात आठ मीटरांहून अधिक अंतर कापतो, म्हणजे जवळपास तीन घोडे एकामागे एक उभे राहतील इतकं. २४०० मीटरच्या डर्बीत एवढी तूट भरून निघू शकते. हजार मीटरच्या शर्यतीत ती भरून काढणं फार अवघड, आणि आपल्याकडे बैलगाडीला कायद्याने घातलेली कमाल मर्यादा हजार मीटरचीच आहे.

सुटी बिघडण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ३ एप्रिल १९९३ रोजी एन्ट्री या ठिकाणच्या ग्रँड नॅशनलमध्ये ३९ घोडे होते. पहिल्यांदा सुटी चुकली आणि घोडे परत बोलावले गेले. दुसऱ्यांदा वर उचलला जाणारा फितीचा अडसर एका जॉकीच्या मानेत अडकला. स्टार्टरने सुटी रद्द केली, पण त्याच्या हातातला झेंडा उलगडलाच नाही. पुढे शंभरएक यार्डांवर उभ्या असलेल्या माणसाने झेंडा दाखवून घोडे अडवायचे होते, ते घडलं नाही. ३० घोडे निघून गेले. लोक ओरडत होते, अधिकारी धावत होते, पण जॉकींना वाटलं ही नेहमीचीच गर्दी, नेहमीचाच गोंगाट. सात घोड्यांनी सगळे अडथळे पार करत सात किलोमीटरहून लांब शर्यत पुरी केली आणि ईशा नेस हा घोडा पहिला आला. त्याला काहीच मिळालं नाही. शर्यत रद्द झाली, पुन्हा घेतली गेली नाही आणि सुमारे साडेसात कोटी पौंडांच्या पैजा परत कराव्या लागल्या. चौकशी बसली, नंतर सुटीची यंत्रणाही सुधारली. शर्यत रद्द करण्याचा निर्णय क्रूर वाटतो, पण माझ्या मते त्या दिवशी संयोजकांनी बरोबर केलेली ती एकच गोष्ट होती. नऊ जॉकींनी स्टार्टरचा हुकूम मानून घोडे रोखले होते. ईशा नेसला विजयी ठरवलं असतं तर ज्यांनी नियम पाळला त्यांनाच शिक्षा झाली असती.

चूक संयोजकांची आणि भुर्दंड तिसऱ्यालाच, असंही होतं. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी कॅलिफोर्नियात डेल मार इथे ब्रीडर्स कपच्या एका शर्यतीआधी अल्बाहर हा घोडा फाटकाच्या खणात कोसळला. शेजारच्या खणातल्या मॉडर्न गेम्सला मदतनिसांनी सुरक्षेसाठी समोरून बाहेर काढलं. तो स्वतःच फाटक तोडून निघाला असा समज झाला आणि त्याला शर्यतीतून वगळलं गेलं. चूक लक्षात आल्यावर त्याला पळू दिलं, पण केवळ बक्षिसासाठी. त्याच्यावरच्या पैजा तोवर रद्द झाल्या होत्या. तो जिंकला. मालकाला बक्षीस मिळालं, पैसे लावणाऱ्यांच्या हाती फक्त मुद्दल आलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कधी चूक शेजारच्या घोड्याची असते. तसा प्रसंग २०१४ चा, सँटा अनिटा इथल्या ब्रीडर्स कप क्लासिकचा. सुटताच बायर्न हा घोडा शेजारच्या शेअर्ड बिलीफच्या वाटेत घुसला आणि शेवटी नाकभर अंतराने जिंकला. धक्क्यामुळे दुसऱ्या घोड्याचा क्रमांक हुकला असं सिद्ध झालं तरच विजेत्याला खाली आणायचं, असा तिथला नियम. सुटताना बसलेल्या धक्क्याचा दोन किलोमीटर पुढच्या क्रमांकावर काय परिणाम झाला, हे सिद्ध कोण करणार? निकाल कायम राहिला. अशा नियमात पहिल्या काही पावलांतली दांडगाई जवळजवळ माफ होते, कारण पुढची लांब वाट तिचा पुरावा पुसून टाकते.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. २०१४ साली बंद झालेल्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, काठी-चाबूक आणि विजेचा धक्का यांना बंदी आहे, बैलाचा छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या नियमांचा रोख जनावराच्या रक्षणावर आहे, आणि तो असायलाच हवा. स्पर्धकास्पर्धकांमधला न्याय मात्र यात्रा कमिटी आणि पंच यांच्या हाती राहतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटात गाडा एकेकटा पळतो आणि घड्याळ निकाल देतं. तिथे एकाची सुटी बिघडली तर दुसऱ्याचं काही जात नाही. ज्याची बिघडली त्याला थोड्या वेळाने पुन्हा सोडता येतं. सोलापूर, सातारा, सांगलीकडच्या मैदानात गटातल्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात. इथे एकाला न्याय देण्यासाठी बाकीच्यांना पुन्हा पळवावं लागतं. म्हणून इथल्या झेंड्याची जबाबदारी घाटापेक्षा कितीतरी मोठी. आणखी एक फरक आहे. रेसकोर्सवर फाटकाजवळचे मदतनीस स्टार्टरच्या हाताखाली असतात. आपल्याकडे सुट्टी मेकर गाडीवानाच्याच गोटातला. त्याने बैल उशिरा सोडला तर तो त्या गाडीचा दोष, लवकर सोडला तर तो फॉल, यात रडगाऱ्हाण्याला जागा नाही. झेंडा अर्धवट पडला, दोनदा हलला किंवा एखाद्या तासावरून दिसलाच नाही, तर दोष पंचांचा, आणि तो गट तिथेच थांबवला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे: शर्यत म्हटली की नशीब आलंच. आलंच, पण चिठ्ठीत वाईट तास निघण्याचा धोका चिठ्ठी उचलण्याआधी सगळ्यांना सारखा असतो आणि सगळ्यांनी तो मान्य केलेला असतो. पंचाच्या ढिलाईचा धोका कोणी मान्य करून प्रवेश फी भरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गट पुन्हा पळवायचा म्हणजे बैलांना दुप्पट दमवायचं, आणि ज्या कायद्यासाठी इतकी वर्षं कोर्टात झगडलो त्याचा आत्माच मारायचा. हे खरं आहे, आणि म्हणूनच सुटीपासून पन्नास-साठ मीटरवर दुसरा झेंडेवाला हवा. एन्ट्रीला तो माणूस होता, पण यंत्रणा कोलमडली. अनेक मैदानांत तर तो माणूसच नसतो. बैल पूर्ण अंतर पळून गेले असतील, तर त्याच दिवशी पुन्हा पळवणं नाही, हे मीही मान्य करतो. धावण्याच्या शर्यतीसारखं कडक व्हा, असंही काही जण सुचवतात. २०११ मध्ये देगूला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत उसेन बोल्ट आधी निघाला आणि थेट बाद झाला. पण बोल्टला नियम ठाऊक होता. बैलाला झेंडा कळत नाही. शेजारची गाडी उधळली की तोही उधळतो, मग त्याचा फॉल कोणाच्या नावावर लिहायचा? जो आधी सुटला त्याच्याच, आणि हे ठरवायला सुटीच्या रेषेवर कॅमेरा लागतो, जो आज निकालरेषेवर आहे.

सगळ्यांत अवघड प्रसंग सेमी फायनलचा. गट पळून झाला, पंचाची चूक नंतर चित्रफितीत दिसली, अंधार पडत आला आहे आणि फायनलच्या गाड्या जुंपायला निघाल्या आहेत. अशा वेळी पूर्ण न्याय शक्य नसतो आणि तसा आव आणू नये. नियमाप्रमाणे सुटून जिंकलेल्या जोडीचा निकाल फिरवू नये, कारण तिचा काही गुन्हा नाही. फायनलला एखादा तास रिकामा असेल तर नाडलेल्या जोडीला तो द्यावा. नसेल तर प्रवेश फी परत करून चूक आमची होती, हे कमिटीने माईकवरून सांगावं. बक्षिसात ट्रॅक्टर आणि थार ठेवणाऱ्या कमिट्यांना ती फी जड जाणार नाही. माईकवरचं ते एक वाक्य जड जाईल, पण पुढच्या मैदानात त्या पंचाच्या हातात झेंडा द्यायचा की नाही, हे गावाला त्यावरूनच ठरवता येईल.