घरकुलाची प्रतीक्षायादी आणि गणनेचा दिवस : नेवासा तालुक्याच्या संदर्भात विवेचन

प्रवरेच्या काठचे नेवासा हे गाव ज्ञानेश्वरीचे रचनास्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने येथे जे उत्खनन झाले, त्यामुळे ते पुरातत्त्वाच्या अभ्यासकांसही ज्ञात झाले. त्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या चोपलेल्या जमिनी आणि खांबांचे खळगे उजेडात आले, व त्यांवरून तेथील वस्तीच्या राहणीसंबंधी अनुमाने करण्यात आली. आजच्या नेवाशातील घरांविषयीची अनुमाने शासन छापील नमुन्यांतील रकान्यांवरून करीत असते. भेद इतकाच की, या दुसऱ्या प्रकारच्या अनुमानावर जिवंत कुटुंबास घर मिळणे किंवा न मिळणे अवलंबून राहते.

घरकुलासंबंधी खेड्यांतून एक समज रूढ आहे. ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा, अर्जास क्रमांक पडतो आणि कालांतराने ‘नंबर लागतो’, असे मानले जाते. हा समज स्वाभाविक असला तरी यथार्थ नाही. ग्रामीण घरकुलाच्या यादीतील स्थान अर्जाने मिळत नाही. ते गणनेने मिळते. मागणारा आणि मोजला गेलेला या दोन भिन्न व्यक्ती असू शकतात. प्रतीक्षायादीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या भेदात आहे, हे प्रस्तुत विवेचनाचे सूत्र होय.

१. वाटपाच्या तीन रीती

मागणी अधिक आणि घरे थोडी असली म्हणजे वाटपाच्या तीन रीती संभवतात. पहिली रांगेची : जो आधी आला त्यास आधी. दुसरी सोडतीची : पात्र अर्जदारांतून चिठ्ठीने निवड. मुंबईत व अन्यत्र ‘म्हाडा’च्या सदनिकांचे वाटप बहुतांशी या रीतीने होते. तिसरी गुणांची : ज्याची निकड अधिक त्याचा क्रम वरचा. ग्रामीण घरकुलाची यादी या तिसऱ्या प्रकारात मोडते.

इंग्लंडमध्ये नगरपालिकांच्या भाड्याच्या घरांसंबंधी हाच प्रश्न उपस्थित झाला होता. १९६९ मध्ये कलिंगवर्थ समितीने त्यावर एक मूलगामी भेद सुचविला. यादीत नाव नोंदविण्यास कोणासही मज्जाव असू नये. नोंदलेल्यांपैकी अग्रक्रम कोणास द्यावयाचा, हा त्यापुढील निराळा प्रश्न समजावा, असे त्या समितीचे प्रतिपादन होते. नोंद सर्वांची झाली म्हणजे गरजेचे खरे मान कळते. नोंदच अडविली म्हणजे गरज अस्तित्वातच नसल्यासारखी दिसते. नेवाशासारख्या तालुक्यातील यादीचा विचार करताना हा भेद दृष्टीआड होऊ देणे इष्ट नाही.

२. यादी कशी सिद्ध होते

केंद्र शासनाची ग्रामीण गृहयोजना १९८५-८६ पासून इंदिरा आवास योजना या नावाने चालत आली. तिच्या उत्तरकाळात निवडीचा आधार दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची २००२ ची गणना हा होता. तीत तेरा प्रश्न असून प्रत्येकास शून्य ते चार असे गुण होते. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली आणि निवडीचा आधार बदलून २०११ ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना हा झाला. जी कुटुंबे बेघर आहेत, किंवा ज्यांच्या घराची भिंत व छप्पर ही दोन्ही कच्ची असून खोल्या दोनहून अधिक नाहीत, ती या गणनेनुसार गृहवंचित ठरली. ग्रामसभेने त्यांची छाननी केल्यावर जी यादी उरली, तिलाच कायम प्रतीक्षायादी ही संज्ञा आहे.

या गणनेतून सुटलेल्या पात्र कुटुंबांसाठी जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ या काळात ‘आवास प्लस’ नावाचे दुसरे सर्वेक्षण झाले. महाराष्ट्रात त्यातील नावे ‘ड यादी’ म्हणून ओळखली जातात. योजनेचा दुसरा टप्पा ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला. त्याची मुदत २०२९ पर्यंत असून त्यासाठी पुन्हा नवे सर्वेक्षण हाती घेण्यात आले. त्यात भ्रमणध्वनीवरून स्वतःची नोंद स्वतः करण्याचीही सोय होती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन गणनांच्या मधल्या काळात ज्याचे घर पडले, जो विवाहानंतर विभक्त झाला, अथवा जी स्त्री विधवा होऊन माहेरी परतली, त्या व्यक्तीने कितीही अर्ज केले तरी तिला पुढील गणनेपर्यंत स्थान नाही. उलटपक्षी, गणनेच्या दिवशी गृहवंचित असलेल्या कुटुंबाचे नाव अनेक वर्षे यादीत राहू शकते. यादी ही गरजेची चालती नोंद नसून गरजेचे एका दिवशी घेतलेले छायाचित्र आहे.

३. क्रम कसा ठरतो

गावाची यादी वस्तुतः एक नसते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्य आणि इतर अशा स्वतंत्र याद्या असतात, व उद्दिष्टेही प्रवर्गवार येतात. त्यामुळे एका यादीतील बाराव्या कुटुंबास घर मंजूर होते आणि दुसऱ्या यादीतील तिसरे कुटुंब थांबून राहते. यात नियमभंग झालाच असे नाही. परंतु ही रचना समजावून न दिल्यामुळे गावात संशय मात्र वाढतो.

प्रत्येक यादीत प्रथम बेघर, नंतर स्वतंत्र खोली नसलेले घर, नंतर एक खोली, शेवटी दोन खोल्या असा क्रम असतो. प्रत्येक पायरीवर निराधार, मुक्त वेठबिगार, आदिम जमाती आदी कुटुंबांस अग्रस्थान असते. उरलेल्यांचा क्रम वंचिततेच्या पाच गमकांच्या बेरजेवरून लागतो : कुटुंबात सोळा ते एकोणसाठ वयाची कोणीही प्रौढ व्यक्ती नसणे, स्त्री कुटुंबप्रमुख असून त्या वयाचा पुरुष नसणे, पंचविशीपुढील कोणीही साक्षर नसणे, अपंग सदस्य असून सुदृढ प्रौढ नसणे, आणि भूमिहीन असून अंगमेहनतीच्या मजुरीवर मुख्यतः अवलंबून असणे.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास या रचनेचा परिणाम ध्यानी येईल. एक विधवा दोन लहान मुलांसह एका कच्च्या खोलीत राहते. ती निरक्षर व भूमिहीन मजूर आहे. तिच्याकडे तीन गमके जमतात. शेजारी दोन साक्षर प्रौढांचे कुटुंब स्वतंत्र खोली नसलेल्या झोपडीत राहते. त्याच्याकडे भूमिहीनतेचे एकच गमक आहे. दोघांचा प्रवर्ग एकच असला तर दुसरे कुटुंब वर लागते. कारण गुणांची बेरीज खोल्यांच्या पायरीच्या आतच होते. ती पायरी तिला ओलांडता येत नाही. खोलीची नोंद ‘शून्य’ की ‘एक’ हा गणनेच्या दिवशी घाईने भरलेला रकाना कुटुंबाचे भवितव्य अशा रीतीने ठरवून टाकतो. छपराचेही तसेच आहे. मातीच्या भिंतींवर गवताऐवजी पत्रा आला की छप्पर कच्च्या साहित्याच्या रकान्यातून बाहेर पडते, आणि भिंत तशीच राहूनही घर निकषात बसत नाही.

४. वगळणुकीचे निकष आणि कालव्याखालील जमीन

गृहवंचित कुटुंबासही काही निकषांवर वगळले जाते. आरंभी हे निकष तेरा होते. २०२४ मध्ये ते दहा करण्यात आले : दुचाकी, मासेमारीची नौका, शीतकपाट व घरचा दूरध्वनी यांचा अडसर दूर झाला, आणि कुटुंबातील सदस्याच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा १०,००० रुपयांवरून १५,००० रुपयांवर गेली. हा बदल न्याय्य होता. मजुरीसाठी गावोगाव हिंडणाऱ्यास जुनी दुचाकी ही चैन नसून कामाचे साधन असते.

जमिनीचा निकष मात्र नेवाशाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. मूळच्या नियमानुसार अडीच एकर ओलीत जमीन आणि सिंचनाचे एखादे साधन असलेले कुटुंब अपात्र ठरते. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने तालुक्याचा मोठा भाग भिजतो. सोनई व भेंडे येथील सहकारी साखर कारखाने या उसाच्या प्रदेशातच उभे राहिले. परंतु कालव्याखाली असणे आणि पाणी वेळेवर मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कालव्याच्या शेवटच्या टोकास असलेल्या शेताची नोंद ओलीत म्हणून होते. प्रत्यक्षात आवर्तन तेथवर पोहोचेलच असा भरवसा नसतो. अशा कुटुंबास कागद बागायतदार ठरवितो व घर मात्र कच्चेच राहते.

५. जागा, भाडे आणि नदीची हद्द

यादीत क्रम लागला तरी घर जागेवाचून उभे राहत नाही. सपाट प्रदेशात योजनेचे मूळ साहाय्य १,२०,००० रुपये असून ते हप्त्यांनी थेट बँकखात्यात जमा होते. त्याखेरीज रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२,००० रुपये मिळतात. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरलेले आहे. यांत जागेचे मूल्य अंतर्भूत नाही. जागा नसलेल्यांसाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे जागाखरेदीस अर्थसाहाय्याची योजना केली आहे. शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरणही आहे. परंतु गायरानासारख्या गावाच्या सामाईक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयाने त्यास मर्यादा पडल्या आहेत. ज्यांची पिढी गायरानात गेली, त्यांची कोंडी येथेच होते.

भाडेकरूंची स्थिती याहून चमत्कारिक आहे. ग्रामीण गणना राहते घर पाहते. दुसऱ्याच्या पक्क्या खोलीत भाड्याने राहणारे भूमिहीन कुटुंब त्यामुळे गृहवंचितांत येत नाही; भाडे थकून ते रस्त्यावर आले तरच ते बेघर म्हणून मोजले जाईल. अमेरिकेत १९७४ पासून भाड्याचा काही भाग शासनाने भरण्याची पद्धत आहे, आणि तिच्याही प्रतीक्षायाद्या दीर्घ असतात. भारतात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना २०२० मध्ये आली, पण ती नागरी क्षेत्रापुरती. खेड्यातील भाडेकरूस तिचा उपयोग नाही.

नेवाशात हा भेद नदीच्या दोन काठांवर पाहावयास मिळतो. नेवासा खुर्द हे नगरपंचायतीचे क्षेत्र असल्याने तेथे नागरी योजना लागू होते, तर पलीकडील नेवासा बुद्रुक ग्रामीण योजनेत आहे. नागरी योजनेत अर्जास स्थान आहे : देशात कोठेही स्वतःचे पक्के घर नसणे आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणे या मुख्य अटी होत. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यास महाराष्ट्रात केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपयांचे साहाय्य ठरले. म्हणजे एका काठावरील कुटुंब मागू शकते. दुसऱ्या काठावरील कुटुंबास मोजले जाण्याची वाट पाहावी लागते.

६. ग्रामसभेचे स्थान

या साऱ्या व्यवस्थेत नागरिकाचा शब्द अधिकृतपणे जेथे ऐकला जातो, असे स्थळ मुख्यतः ग्रामसभा हे आहे. अपात्र नावे सकारण वगळणे, समान गुणांच्या कुटुंबांचा क्रम ठरविणे आणि सुटलेल्या कुटुंबांची नोंद घेणे ही कामे तिच्याकडे आहेत. वगळलेल्यास किंवा क्रम खाली गेलेल्यास जिल्ह्याच्या अपील समितीकडे दाद मागता येते. परंतु त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची प्रत व त्यातील कारण हाती असावे लागते. तोंडी तक्रारीस अपिलात फारसे मोल नाही.

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास भरतात. ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्यामुळे जानेवारीची सभा भरते तेव्हा तोडणीस गेलेली कुटुंबे आपल्या गावी नसतात. आणि जी कुटुंबे तोडणीसाठी बाहेरून या तालुक्यात येऊन कोप्या घालून राहतात, त्यांची नावे येथील सभेपुढे असण्याचे कारण नसते. गृहवंचिततेचे सर्वांत उघड रूप असलेला हा वर्ग यादी वाचली जाते त्या दिवशी दोन्ही गावांस परका राहतो. यादीचे वाचन १ मेच्या सभेस ठेवले आणि ते गावठाणाबरोबरच वस्त्यांवर व पालांवरही जाहीर केले, तर हा दोष पुष्कळ अंशी कमी होईल.

समारोप

गुणांवर आधारलेली यादी ही रांगेपेक्षा व सोडतीपेक्षा तत्त्वतः अधिक न्याय्य आहे, यात संशय नाही. तिचा दोष गुणांत नसून काळात आहे. क्रम गरजेवरून लावावयाचा, पण गरज मात्र पाच-सात वर्षांतून एकदाच पाहावयाची, ही विसंगती आहे. गणना व मंजुरी यांमध्ये वर्षानुवर्षे नोंद उघडी ठेवणे, ग्रामसभेने दरवर्षी नवी नावे घेणे, आणि प्रत्येक नोंदीची पोच कुटुंबाच्या हाती देणे, या तीन गोष्टी साधल्यास ‘अर्ज दिला आहे’ या वाक्यास अर्थ प्राप्त होईल. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यास जाताना कुटुंबाने अर्ज केव्हा केला एवढेच विचारून थांबू नये. गणनेच्या दिवशी ते कुटुंब कोठे होते, हा प्रश्नही विचारला पाहिजे. यादीतील त्याच्या स्थानाचे किंवा अभावाचे कारण बहुधा त्याच उत्तरात सापडेल.