प्लेगमुळे मजुरी का वाढली?

वर्धा जिल्ह्यात, विशेषतः हिंगणघाटच्या बाजारात, कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिलीच असेल. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला आणि इकडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांशी जोडला गेला. त्याच मुंबईत, मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत, सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांना ताप व गाठी येऊन दगावणारे रोगी आढळले. तो प्लेग होता. पुढच्या काही वर्षांत तो मध्य प्रांतातही शिरला. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता.

प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. त्याचे जंतू येर्सिन यांनी १८९४ साली शोधले आणि ते पिसवांमार्फत पसरतात, हे सिमाँ यांनी १८९८ साली दाखविले. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. म्हणूनच घरात उंदीर पडला की गाव सोडायचे आणि शिवारात झोपड्या घालून राहायचे, ही आपल्या खेड्यांतील रीत अगदी योग्य होती. पिसवांचे शास्त्र ठाऊक नसलेल्यांनी ती अनुभवाने बसविली, हे विशेष!

मुंबईकरांनीही तेच केले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे निम्मे शहर रिकामे झाले होते. कामगार कोकणात व देशावर आपापल्या गावी गेले आणि गिरण्यांना माणसे मिळेनात. एरवी महिन्याचा पगार कित्येक दिवस अडकवून ठेवणारे मालक आता रोजची मजुरी रोज देऊ लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गिरण्यांची माणसे कामगारांसाठी चढाओढीने बोली लावीत. कापसाचा लिलाव आपल्याला परिचित आहे. येथे लिलाव मजुरीचा होता आणि भाव वाढत होता तो कष्टकऱ्याचा.

असेच एकदा युरोपात घडले होते. १३४७ ते १३५१ या काळात तेथे प्लेगने किमान एकतृतीयांश माणसे मेली. शेते तेवढीच राहिली, नांगर धरणारे हात मात्र कमी झाले. इंग्लंडमधील शेतमजूर जास्त मजुरी मागू लागले, तेव्हा १३५१ साली कायदा करून प्लेगपूर्वीचेच दर बांधून देण्यात आले. पण शेत पडीक ठेवण्यापेक्षा गुपचूप जादा पैसे देणे जमीनदारालाही परवडत होते! कायद्याची सक्ती आणि वाढते कर यांचा राग साचत गेला व १३८१ साली शेतकऱ्यांचे बंड झाले. ते मोडून काढण्यात आले. तरीही कुळाला जमिनीशी जखडून ठेवणारी वेठ इंग्लंडमध्ये हळूहळू नाहीशी झाली. पूर्व युरोपातील जमीनदारांनी मात्र पुढील शतकांत ती अधिकच घट्ट केली. तेव्हा माणसे कमी झाली म्हणजे मजूर सुखी होतोच, असे समजू नका. सत्ता कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते.

मग मुंबईच्या कामगारांचा तो भाव का टिकला नाही? थोडा हिशेब करून पाहा. भारतात प्लेगने दोन दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. आकडा भयंकर आहे, पण तेव्हाची लोकसंख्या तीस कोटींच्या आसपास होती. म्हणजे शंभरातील तीन-चार माणसे गेली. युरोपात शंभरातील तेहतीस किंवा त्याहूनही अधिक गेली होती. शिवाय मुंबईतील बहुतेक कामगार मेले नव्हते, गावी गेले होते. मेलेला परतत नाही, गावी गेलेला परततो. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. मध्य प्रांताला या दोन्ही दुष्काळांचा जबर तडाखा बसला. युरोपातील वाचलेल्या शेतकऱ्यापुढे मोकळी जमीन होती. येथील माणसापुढे करपलेले पीक होते आणि मिळेल त्या मजुरीवर काम धरणे त्याला भाग होते. कामगार परतू लागले, तशी रोजच्या मजुरीची पद्धत मागे पडली आणि गिरण्यांत पुन्हा महिन्याचा अडकवलेला पगार सुरू झाला.